इतिवृत्त

बार्न्सलीच्या आमच्या क्लबात मंगळवारी सभा असते,
डार्ट्सच्या फळ्याखाली, मोजून बारा खुर्च्या.
त्यातली एक मोडकी, ती कायम माझी,
कारण मी लिहिते, आणि लिहिणारं माणूस फारसं हलत नाही.
कच्चं मराठीत लिहिते. पक्कं घरी जाऊन, त्यांच्या भाषेत.

विषय एकच: क्लबाने धर्मादायासाठी
कार्यक्रम करावेत की करू नयेत.
ठराव ग्वेनचा. तिची भाची ज्या हॉस्पिसमध्ये आहे
तिथे गाद्या हव्यात, हवेच्या, पाठ न सोलणाऱ्या.
शनिवारी हॉल फुकट द्यावा, मटणाची सोडत काढावी,
कुणी डोकं भादरून घ्यावं, कुणी तासभर
टोमॅटोतल्या घेवड्याच्या टबात बसावं.
(कुणी हसलं नाही. इथे हे नेहमीचं आहे.)

क्लिफर्ड, खजिनदार, चष्मा पुसत म्हणाला,
छप्पर गळतंय. पंप म्हातारे झालेत.
जानेवारीतलं गॅसचं बिल बघून
मीच बादली घेऊन चौकात बसणार होतो.
आधी पोटोबा, असं काही तो म्हणाला नाही,
त्यांच्याकडे वेगळं म्हणतात,
मी वहीत मात्र तेच लिहिलं.

मग ग्लेन ओल्डरॉइड बोलला.
दहा वर्षांत तो फक्त हात वर करत आलाय.

चौऱ्याऐंशीच्या संपात मी नऊ वर्षांचा होतो, म्हणाला,
ह्याच हॉलात. जुगाराचं मशीन आहे ना, तिथे टेबल होतं,
टेबलावर बुटांचा ढीग.
माइकवरून माझं नाव पुकारलं.
मी गेलो, बूट घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.
बूट चांगले होते. दोन हिवाळे टिकले.
टाळ्या अजून टिकल्यात.

फ्रिज घुरघुरत राहिला.
आणि मला आठवला कऱ्हाडच्या शाळेतला पंखा,
तीन पाती, तिन्हींवर लाल रंगात
कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ,
खाली देणाऱ्या चिरंजीवांचं नाव, गावासकट.
वीज गेली की आम्ही ते वाचत बसायचो
घामाघूम.
वीज आली की नाव विरघळायचं
आणि वारा लागायचा.

सांगावंसं वाटलं. पण इतिवृत्त लिहिणाऱ्याने
मत द्यायचं नसतं, नियमावली, कलम चौदा.
शिवाय नुसतं पंखा म्हटलं असतं
तर क्लिफर्डला वाटलं असतं, हिला उकडतंय,
आणि त्याने खिडकी उघडली असती. फेब्रुवारीत.

बाजूने पाच, विरोधात पाच.
अध्यक्षबाई डोरीन उठून बाथरूमला गेली,
बऱ्याच वेळाने आली, हात पुसत.
कार्यक्रम करायचा, म्हणाली. माइकवर फक्त आकडे,
सोडतीचे. नावं नाहीत, आभार नाहीत,
मोठ्ठा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो नाही.
बादली कोटांच्या खुंट्यांखाली, बोळात.
बोळातला दिवा ईस्टरपासून गेलाय, कुणीतरी म्हणालं.
माहीत आहे मला, डोरीन म्हणाली.
ग्लेनने विरोध मागे घेतला नाही. तशी नोंद आहे.

शनिवारी घेवड्याचा टब गळला, फरशी चिकट,
मटणाचा मोठा वाटा गेला शाकाहारी जेनिसला.
ग्लेन आला होता. बोळाच्या तोंडाशी उभा राहिला
रात्रभर, बादलीकडे पाठ करून,
आत शिरणाऱ्या कुणाकडेही न बघता.
त्याने स्वतः काही टाकलं का, ठाऊक नाही.
अंधार होता.

सहाशे बारा पौंड, चाळीस पेन्स, एक बटण.
मी दोनदा मोजले.

सोमवारी बादली धुऊन
परत तिच्या जागी ठेवली, स्नूकरच्या टेबलाशेजारी,
गळक्या कौलाखाली.
ठप्. बऱ्याच वेळाने, ठप्.
बघ, क्लिफर्ड म्हणाला, आपल्यालाही
कुणीतरी देतंय.
हे मी पक्क्यात घेतलेलं नाही.